कासवीची दृष्टी

आपल्याकडे कासवाला देवळात जागा आहे. गाभाऱ्यासमोर मंडपाच्या फरशीत बसवलेले ते दगडी कासव लहानपणी प्रत्येकाने पाहिलेले असते आणि त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आजीने हाताला धरून बाजूने नेलेलेही आठवत असते. संतांनी तर कासवाला त्याहून मोठा मान दिला. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, दुरून नुसत्या दृष्टीनेच ती त्यांचे पोषण करते, ही कल्पना आपल्या ओव्या-अभंगांतून ठायी ठायी येते. देवाने भक्ताकडे असे पाहावे, एवढेच मागणे.

कल्पना अतिशय गोड आहे. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. समुद्री कासवाची मादी पिल्लांकडे पाहत नाही. ती रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत हातभर खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाच्या भाराने वाळू दाबते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पुन्हा त्या जागी फिरकत नाही. नर तर किनाऱ्यावर येतच नाही. एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की जन्मभर तो जमिनीला पारखा. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस त्या अंड्यांचा सांभाळ फक्त वाळू आणि ऊन करते. बाहेर आलेल्या पिल्लांना आई कोण हे कधीच कळत नाही. कळून उपयोगही नसतो, कारण पाण्यापर्यंतच्या तीस-चाळीस पावलांत कावळे, घारी, कुर्ल्या आणि कुत्री वाट पाहत असतात.

म्हणजे संतांनी सांगितलेली ती दृष्टी निसर्गाने कासवीला दिलेली नाही. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत कोकणातल्या काही गावांनी ती आपणहून उचलली आहे. तिच्याविषयी, आणि ती आता कुठे कमी पडते आहे त्याविषयी, मला लिहायचे आहे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले गाव. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला. इतिहास वाचणाऱ्यांना ते नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून माहीत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी इकडच्या किनाऱ्यांवर समुद्री गरुडांची घरटी शोधत हिंडत होती. संस्थेचे संस्थापक भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी वर झाडांकडे बघत निघाले होते, पण सापडले ते पायाखाली: कासवाच्या अंड्यांची कवचे आणि उकरलेला खड्डा. चौकशी केली तेव्हा कळले की ही काही अपूर्वाई नाही. कासवे दरवर्षी येतात, आणि त्यांचे मिळेल ते घरटे खणले जाते. माणसाच्या हाती नाही लागले तर कोल्ह्या-कुत्र्यांच्या. अंडी खाल्ली जात, थोडीफार विकलीही जात. त्यात कुणाला काही चुकीचे वाटत नव्हते. आंबा पडला तर उचलावा, तसे ते होते.

ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. पाठीचा रंग शेवाळी, वजन चाळीस किलोच्या आसपास, समुद्री कासवांत आकाराने लहानच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत यांचे नाव आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी यांचे संरक्षण वाघाइतकेच कडक. पण कायदा मंडणगडच्या पुळणीवर पहाटे चार वाजता हजर नसतो. संस्थेने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. पोलीस, वनखाते, खटले हा रस्ता धरला नाही. ज्यांना घरटे कुठे आहे हे नुसत्या वाळूवरून कळते, म्हणजे जे अंडी काढत होते त्यांनाच राखणदार केले. घरटे शोधा, पण अंडी घरी न नेता कुंपणात आणून पुरा. त्याचे मानधन घ्या. पहिल्याच हंगामात पन्नासएक घरटी वाचली आणि अडीच हजारांवर पिल्ले समुद्रात गेली. पुढे वनखाते जोडीला आले, गावोगाव अशी माणसे उभी राहिली, आणि त्यांना ‘कासवमित्र’ हे नाव मिळाले. आता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून एका हंगामात सापडणाऱ्या घरट्यांचा आकडा हजाराच्या पुढे गेला आहे. यातली काही वाढ कासवांची असेल, काही वाढलेल्या गस्तीची. पूर्वी जिथे कुणी पाहतच नव्हते तिथे आता पाहतात, म्हणून आकडा फुगतो. तरीही ज्या किनाऱ्यांवर एक घरटे वाचत नव्हते तिथे हे घडले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच कठीण आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत रेंगाळतो. या काळात कासवमित्राला रोज पहाटे, अंधार असतानाच, किनारा पालथा घालावा लागतो. उशीर केला तर कुत्री आधी पोहोचतात. मी अशा एका फेरीला गेलो होतो. बरोबरचा माणूस पन्नाशीचा, पायांत काही नाही, हातात बॅटरी पण ती बंद. चालताना तो वाळूकडे बघत नाही असेच वाटत होते. एका ठिकाणी थांबला आणि म्हणाला, “ही बघा, आली आणि गेली.” मला आधी काही दिसले नाही. मग दिसले: पाण्यापासून वर गेलेला आणि वळसा घेऊन परत आलेला पट्टा, ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा. वळशाच्या टोकाला वाळू विस्कटलेली. तिथे त्याने काठी अगदी हलक्या हाताने टोचत नेली. एका जागी ती सहज आत गेली. “इथे वाळू पोकळ लागते. काठी दाबायची नाही, अंड्याला लागते.” मग हाताने उकरणे. अंडी टेबल-टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच टणक नाही, चामड्यासारखे, बोटाने दबणारे. एकेक अंडे काढून टोपलीत ठेवताना त्याने ते फिरू दिले नाही. जसे निघाले तसेच ठेवले. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर ते उलटेपालटे झाले की गर्भ मरतो. हे शास्त्र त्याला कुणी तरी सांगितलेले होते, पण हाताला मात्र ते स्वतःचेच असावे असे वळण होते.

हॅचरी म्हणजे किनाऱ्यावर भरतीच्या वर जाळीने कुंपण घातलेला चौकोन. त्यात मादीने खणला होता तसाच, म्हणजे तोंडाशी निमुळता आणि खाली गोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करावा लागतो आणि खोलीही तेवढीच ठेवावी लागते. ही अक्षरशः वितीवर मोजायची गोष्ट आहे, कारण वाळूची उष्णता खोलीप्रमाणे बदलते, आणि उष्णतेवर केवळ पिल्ले किती दिवसांत निघतील एवढेच नव्हे, ती नर की मादी हेही ठरते. कासवांत लिंग अंड्यात पडल्या पडल्या ठरलेले नसते. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या खाली वाळू राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त. त्याहून चार-पाच अंश वर गेली की गर्भ उकडून मरतात. म्हणून एप्रिलमध्ये हॅचरीवर हिरव्या जाळीची सावली घालतात. कोकणातला उन्हाळा वर्षागणिक कडक होतो आहे, हे सांगायला हवामानखात्याची गरज नाही. हॅचरीतल्या शेवटच्या घरट्यांतून किती पिल्ले निघाली हे विचारावे.

प्रत्येक घरट्यावर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. पंचेचाळीसावा दिवस उलटला की त्यावर बांबूची टोपली पालथी घालतात आणि दिवसातून अनेकदा उचलून बघतात. एखाद्या सकाळी टोपलीखाली वाळू हललेली असते आणि तळहाताच्या निम्म्या आकाराची काळी पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढत असतात.

इथे ‘कासव महोत्सव’ येतो. 2006 पासून वेळासला तो भरू लागला. कल्पना अशी, की मुंबई-पुण्याच्या लोकांनी यावे, गावात घरांतच राहावे-जेवावे, सकाळी आणि संध्याकाळी पिल्ले समुद्रात जाताना पाहावीत, आणि त्यातून गावाला चार पैसे मिळावेत. कासव जिवंत राहिले तर घरात मोदक आणि सोलकढी रांधून बायकांच्या हातात रोकड येते, हे गावाला एकदा कळले की वेगळे प्रबोधन करावे लागत नाही. हे गणित सुरेख बसले. आंजर्ल्याने तेच उचलले, वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीनेही. ज्या घरांतली तरुण मुले नोकरीसाठी मुंबईला निघून जात, त्यांतली काही या निमित्ताने गावात टिकली. 2020 च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळाने हा सगळा पट्टा झोडपून काढला, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे गेली. तेव्हा ज्यांच्याकडे कासवांच्या निमित्ताने पाहुणे येत होते त्यांना निदान तो एक हात धरायला होता.

पण महोत्सव जसा वाढला तसा आपणा पाहुण्यांचा स्वभावही उघडा पडला. पाच तासांचा प्रवास करून आलो आहोत, तेव्हा पिल्लांनी आमच्या वेळेवर बाहेर यावे अशी आपली अपेक्षा असते. “आज नाहीत का? मग उद्याची गॅरंटी आहे का?” हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, आणि विचारणारे गृहस्थ चांगले सुशिक्षित होते. पिल्ले सोडली की दोराच्या अलीकडे दोनशे माणसे आणि तितकेच मोबाईल. मागच्यांना दिसत नाही म्हणून पुढच्यांवर ओरडा. एखादे मूल ‘मला हातात घ्यायचंय’ म्हणून भोकाड पसरते आणि कासवमित्राने नको म्हटले की आई-वडिलांचा चेहरा पडतो, जणू त्यांनी त्या पिल्लाचे पैसे भरले होते.

पिल्लू हातात का घ्यायचे नाही, हे त्या मुलाला कुणी तरी सांगितले पाहिजे. मुले समजूतदार असतात. वाळूतून वर आल्यानंतर पिल्लाच्या अंगात अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी असते. तिच्यावर त्याला पाण्यापर्यंत चालायचे, लाटा फोडायच्या आणि काठावरच्या माशांच्या तोंडातून सुटून खोल पाणी गाठायचे असते. पहिल्या दिवसाचा तो झपाटा एकदाच असतो. पाहुणे यायचे आहेत म्हणून पिल्लांना टबात थांबवून ठेवले, तर ती त्या टबातच पोहून दमतात. आणखी एक गोष्ट. पिल्लू समुद्र ओळखते ते क्षितिजाच्या उजेडावरून. मागे काळोखी झाडी आणि पुढे चमकणारे पाणी, ही त्याची दिशा. मागे हॉटेलचा दिवा लागला की पिल्ले माघारी फिरून रस्त्याकडे चालू लागतात. या साऱ्याचा विचार करता, किनाऱ्यावर उजेड नसावा आणि पिल्ले निघतील तेव्हा, माणसे असोत-नसोत, सोडावीत, हे सरळ आहे. गावातले लोक हे जाणतात. त्यांना ते पाळू देणे आपल्या हातात आहे.

आता थोडे अप्रिय लिहितो. दर हंगामाच्या शेवटी बातमी येते, अमुक हजार पिल्ले समुद्रात सोडली. वाचून बरे वाटते आणि काम झाले असे वाटते. पण हजार पिल्लांतले एखादेच मोठे होते असे मानतात. आकडा अंदाजाचा असला तरी दिशा खरी. जे मोठे होते त्याला वयात यायला बारा-पंधरा वर्षे लागतात. 1987 साली अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी तिकडच्या लॉगरहेड जातीच्या कासवांचा हिशेब मांडला होता. समजा एकूण एक घरटे वाचवले, पण समुद्रात मोठी आणि अर्धवट वाढलेली कासवे मरतच राहिली तर काय होईल? उत्तर असे आले की संख्या तरीही घटत राहील. उलट समुद्रातले मरण थोडे कमी केले, तर ती सावरू लागेल. पंधरा वर्षे सगळ्या संकटांतून तगलेली एक मादी जाळ्यात गुदमरली, तर तिची भरपाई टोपलीभर पिल्लांनी होत नाही. आपण बँकेत दररोज एक रुपया भरतो आणि मागच्या दाराने हजाराची नोट जाते, असा हा व्यवहार.

कासव पाण्यात राहत असले तरी श्वास हवेत घेते. कोळंबीसाठी तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात ते सापडले आणि जाळे तास-दोन तास वर आले नाही, की ते बुडून मरते. यावर उपाय फार पूर्वीच निघाला आहे. जाळ्याच्या गळ्यात गजांची तिरकी चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. ‘टेड’ म्हणतात त्याला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांना जुळेल अशी चौकट बनवली. पण मच्छीमाराला भीती, की त्या झडपेतून कासवाबरोबर आपली कोळंबीही जाईल. आणि ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून चौकट असली तरी बसवली जात नाही. अशी चौकट न लावता पकडलेली कोळंबी घ्यायची नाही असा अमेरिकेचा 1989 चा कायदा आहे, आणि त्यापायी 2019 च्या सुमारास भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला तिथली बाजारपेठ बंद झाली. म्हणजे कासवाने मच्छीमाराच्या पोटावर पाय दिला की मच्छीमाराने कासवाच्या, असा वाद बंदरावर चालतो. 2025 च्या जानेवारीत चेन्नईच्या आजूबाजूच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक मेलेली कासवे वाहून आली. तो किनारा आपल्यापासून लांब आहे, असे म्हणून चालणार नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

महाराष्ट्र सरकारने 2018 च्या डिसेंबरमध्ये एक चांगली योजना आणली. कासव, देवमाशासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो द्यायचे. ही योजना मला कासव महोत्सवाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ती काम करते ते समुद्रात. ज्याच्या घरात पुढच्या आठवड्याचे रेशन त्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्याने सुरी काढून ते कापावे, हे सोपे नाही. तो कापतो. त्याच्यासाठी दोरामागे कुणी उभे राहून टाळ्या वाजवत नाही.

आणि जाळ्यातून जी सुटतात ती सगळी धड सुटत नाहीत. तुटलेली, टाकून दिलेली जाळी समुद्रात वर्षानुवर्षे तरंगत असतात. त्यात कासवाचा पुढचा पाय गुरफटतो. ते जितकी ओढाताण करते तितका नायलॉनचा फास आवळतो. रक्तपुरवठा थांबतो, पाय कुजतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की अशी कासवे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याला लागतात. डहाणूला वनखात्याच्या आवारात त्यांचे उपचार केंद्र आहे, आणि ते तिथल्या वन्यजीवप्रेमी स्वयंसेवकांच्या आणि पशुवैद्यांच्या जिवावर चालत आले आहे. रात्री-अपरात्री कुठल्या तरी किनाऱ्यावरून फोन येतो, मुले गाडी काढतात, चाळीस किलोचे जनावर ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात. सलाईन लावणे, जखम रोज धुणे, पाय वाचत नसेल तर शस्त्रक्रिया, नंतर मासे भरवणे. कित्येक कासवे पाण्यावर नुसती तरंगत राहतात; शरीरात हवा भरलेली असते, त्यामुळे बुडी मारता येत नाही, आणि बुडी नाही तर भक्ष्य नाही. ती हवा उतरून कासव टाकीच्या तळाशी जाऊन बसले, की त्या मुलांचे चेहरे परीक्षेचा निकाल लागल्यासारखे होतात. कधी आठवडे लागतात, कधी महिने. काही मरतात. एक पाय गेलेली काही पुन्हा पोहायला शिकून समुद्रात जातात. दोन्ही पुढचे पाय गेलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे. हॅचरीत हजारांनी मोजायचे असते, इथे एकेक. हिशेबी माणूस म्हणेल, एका कासवामागे एवढा खटाटोप कशाला? वर मांडलेला हिशेबच त्याला उत्तर देतो: हे एक, वयात आलेले कासव आहे.

या कामाला भारतात पन्नासेक वर्षांची परंपरा आहे, आणि ती जवळजवळ सगळी हौशी माणसांची आहे. सत्तरच्या दशकात मद्रासच्या सर्पोद्यानातल्या तरुणांनी रात्री किनाऱ्यावर चालत अंडी गोळा करायला सुरुवात केली. 1988 पासून तिथले विद्यार्थी ते काम करतात. पिढ्या बदलल्या, चालणे थांबलेले नाही. त्याच मद्रासच्या सतीश भास्कर यांनी कासवांसाठी देशाचा हजारो किलोमीटर किनारा पायी तुडवला. 1982 च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपच्या सुहेली या निर्मनुष्य बेटावर काही महिने एकटेच राहिले, कारण कासवे तिथे पावसाळ्यात येतात आणि होड्या मात्र येत नाहीत. पत्नीला पत्र लिहून त्यांनी बाटलीत घालून समुद्रात टाकले. चोवीस दिवसांनी ते श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडले, आणि त्याने ते पोस्टाने पत्नीला पाठवून दिले. भास्कर 2023 साली गेले. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्यांना किती जागा दिली, ते सोडून देऊ.

ती बाटली ज्या वाटेने गेली तशाच वाटांनी कासवेही जातात, हे आता उपकरणांनी दाखवले आहे. 2022 च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेला उतरत कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे, बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी आढळली. क्रमांक तपासला तेव्हा ती 2021 साली ओडिशात लावलेली निघाली. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवे वेगवेगळी, असे आजवर धरून चालले होते. तेव्हा चेन्नईच्या वाळूवर पडलेल्या त्या हजारांत गुहागरची कुणी नव्हती, हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही.

राहिला किनारा. कोकणात गावोगाव धूपप्रतिबंधक बंधारे होत आहेत. दगडांची उतरती भिंत. समुद्र घरात शिरतो तेव्हा लोकांनी भिंत मागणे स्वाभाविक आहे, त्यांना निसर्गप्रेमाचे धडे देण्यात काय अर्थ? पण पुष्कळ ठिकाणी भिंत जिथे बांधली तिथल्या पुढची वाळू वाहून जाते, आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते. मादी येते, दगडांना थडकते, फिरून परत जाते. सुरूची लागवडही तशीच: वाऱ्याला आडोसा म्हणून लावायची, ती थेट भरतीच्या रेषेपर्यंत, मग मुळांच्या जाळ्यात खड्डा खणायचा कसा? ज्या गावाला कासवांमुळे पाहुणे मिळतात, त्या गावात बंधारा कुठे घालायचा हे ठरवताना कासवमित्राला विचारावे, एवढी माफक अपेक्षा आहे. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या पुळणीला लागूनच पर्यटनाची दुकाने उभी राहिली. तिथे काय घडले ते पाहून आपल्याला आधीच सावध होता येईल.

माझे म्हणणे थोडक्यात मांडायचे, तर महोत्सवाच्या पैशातला ठरावीक वाटा बाजूला काढावा. पाहुण्याकडून आणखी पन्नास-शंभर रुपये घ्यावेत. पुण्याहून मोटार घेऊन येणाऱ्याला ते जड नाहीत. त्यातून दोन गोष्टी व्हाव्यात. कासवमित्राचे मानधन हंगामापुरते असते. पावसाळ्यात, जेव्हा जखमी कासवे किनाऱ्याला लागतात, तेव्हाही त्याच्या हाताला काम आणि पैसा मिळावा. आणि जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला सरकारी भरपाई येईपर्यंत गावातून आगाऊ रक्कम मिळावी. जाळे आज फाटलेले असते आणि होडी उद्या जायची असते.

या हंगामात तुम्ही मुलांना घेऊन वेळासला, आंजर्ल्याला जाणार असाल तर जरूर जा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. निघण्याआधी गावात फोन करून घरटी निघायला आली आहेत का ते विचारा, आणि पिल्ले दिसली नाहीत तर चिडू नका. बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा. मुलाला पिल्लाऐवजी पहाटेच्या फेरीला न्या, कासवमित्र नेत असतील तर. आणि कुठल्याही किनाऱ्यावर जखमी कासव दिसले तर त्याला दया येऊन समुद्रात ढकलू नका. ते दमलेले असते, बुडते. सावली करा, अंगावर ओले फडके टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला, आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. गाडी येईपर्यंत तिथे थांबा.